कॉइनगेकोचं एमसीपी टूल: जुने भाव एजंटकडून काढताना

क्रिप्टो नाण्यांचे भाव देणाऱ्या कॉइनगेको या सेवेचा एमसीपी सर्व्हर एआय एजंटला जोडला की ‘गेल्या वर्षी या दिवशी इथेरियम कुठे होतं’ याचं उत्तर काही सेकंदांत मिळतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. ‘बहुतेक वेळा’ चालेल का, हे त्या आकड्याचं पुढे काय करायचंय यावर ठरतं. पोर्टफोलिओचं जुन्या तारखेचं मूल्य काढणं, अहवालासाठी आलेख बनवणं, दोन नाण्यांची वर्षभराची चाल ताडून पाहणं, या कामांना हे टूल उत्तम आहे. ट्रेडिंगची रणनीती जुन्या भावांवर तपासायला मात्र ते आम्ही सुचवणार नाही. त्याची कारणं पुढे सविस्तर दिली आहेत, कारण ही कारणं टूलच्या उत्तरात कुठेच दिसत नाहीत. एजंट आकडा सांगतो तो एकाच ठाम सुरात, मग मागची नोंद तासाची असो की चार दिवसांची.

जोडणी

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. बाहेरची सेवा एजंटला वापरता यावी म्हणून तिची टूल्स कशी जाहीर करायची आणि कशी बोलवायची, याची ती एक ठरलेली रीत. कॉइनगेकोने आपली नेहमीची एपीआय (प्रोग्रॅमनी डेटा मागायची सोय) याच रीतीने समोर ठेवली आहे. म्हणून टूलचे सगळे गुणदोष मूळ एपीआयचेच आहेत, आणि एपीआयची कागदपत्रं वाचलेल्या माणसाला इथे आश्चर्य वाटण्यासारखं फार थोडं उरतं.

जोडायचे मार्ग दोन. पहिला म्हणजे त्यांचा सार्वजनिक सर्व्हर, ज्याला एपीआय-की, म्हणजे सेवा वापरायची खासगी किल्ली, लागत नाही. क्लायंटच्या सेटिंगमध्ये पत्ता टाकला की काम सुरू होतं. पण तिथली विनंत्यांची मर्यादा सगळ्यांत वाटलेली असते, त्यामुळे गर्दीच्या वेळी ४२९ हा ‘फार विनंत्या’चा एरर येतो. चाखून पाहायला हा मार्ग ठीक. दुसरा मार्ग म्हणजे त्यांचं पॅकेज एनपीएक्सने (जावास्क्रिप्टची पॅकेजं चालवायची कमांड) स्वतःच्या मशीनवर चालवायचं आणि की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायची. रोजच्या कामाला हाच घ्या.

इथे पहिली अडचण येते ती की-च्या प्रकाराची. डेमो (मोफत) आणि प्रो (पैसे भरलेली) या दोन कीज वेगळ्या, त्यांचे सर्व्हरचे पत्ते वेगळे आणि हेडरची नावंही वेगळी. डेमो की प्रोच्या पत्त्यावर गेली किंवा उलट झालं, तर १००१० किंवा १००११ हा एरर-कोड येतो. हा कोड एजंटला कळेलच असं नाही. नाण्याचं नाव चुकलं असं समजून तो वेगवेगळी नावं टाकून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहू शकतो. पहिल्याच विनंतीला एरर आला तर एजंटला थांबवा आणि सेटिंगमध्ये की कोणत्या प्रकारची म्हणून नोंदवली आहे ते स्वतः पाहा.

मोफत की-ची खरी मर्यादा

डेमो की-ला मिनिटाला ३० आणि महिन्याला १०,००० विनंत्या मिळतात. हे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या खात्याच्या पानावर पाहून घ्या. ऐतिहासिक भावांच्या बाबतीत याहून महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे: डेमो की-ला फक्त गेल्या ३६५ दिवसांचा इतिहास मिळतो. त्यामागचं मागितलं की १००१२ हा कोड येतो. पैसे भरलेल्या की-वर इतिहास, योजनेनुसार, २०१३ पर्यंत मागे जाऊ शकतो, मात्र तासागणिक नोंदी २०१८ पासूनच्याच आहेत.

या एररवर एजंट कसा वागतो ते मॉडेलगणिक बदलतं. चांगलं मॉडेल स्पष्ट सांगतं की एवढा जुना डेटा या की-वर मिळत नाही. वाईट शक्यता दोन. एक, एजंट गुपचूप रेंज कापून ३६५ दिवसांवर आणतो आणि ‘तीन वर्षांचा कल’ म्हणून एका वर्षाचा आलेख पुढे करतो. दुसरी जास्त घातक: तो प्रशिक्षणातल्या आठवणीतून आकडा भरतो. बिटकॉइनसारख्या नाण्याचा जुना भाव मॉडेलला अंदाजे माहीत असतोच, त्यामुळे तो आकडा विश्वासार्ह दिसतो आणि कुणाला संशय येत नाही.

नाणं यादीत येण्याआधीची तारीख विचारली तरी हेच होतं. एका तारखेच्या नोंदीसाठी जे हिस्टरी टूल आहे, ते अशा वेळी एरर देत नाही. नाण्याचं नाव आणि चिन्ह देतं, आणि भावाचा जो मार्केट-डेटा भाग असतो तो उत्तरात नसतोच. रिकामी जागा दिसली की भाषेचं मॉडेल ती भरू पाहतं. यावर उपाय एकच, तो खाली एजंटला द्यायच्या सूचनांमध्ये आहे.

नाणं नेमकं कोणतं?

कॉइनगेको नाणी ओळखतं ते आयडीवरून. बाजारातलं चिन्ह, म्हणजे बीटीसी किंवा लुना यांसारखं, एकमेव नसतं. एकाच चिन्हाची अनेक नाणी असतात. सगळ्यांत बोलका दाखला लुनाचा. मे २०२२ मध्ये टेरा या ब्लॉकचेनचं जाळं कोसळलं. २८ मे २०२२ ला नवी साखळी सुरू झाली आणि लुना हे चिन्ह नव्या नाण्याला मिळालं. जुनं नाणं लुना क्लासिक झालं, चिन्ह लंक. पण कॉइनगेकोच्या यादीत ‘टेरा-लुना’ हा साधा आयडी जुन्या, कोसळलेल्या नाण्याकडेच राहिला आणि नव्याला ‘टेरा-लुना-२’ मिळाला.

आता एजंटला म्हणा, ‘लुनाचा वर्षभराचा भाव काढ.’ चिन्हावरून अंदाज बांधला तर तो ‘टेरा-लुना’ उचलतो, आणि हातात पडतो लुना क्लासिकचा भाव. दोन्हींच्या भावांत कित्येक पटींचं अंतर आहे, त्यामुळे ज्याला विषय माहीत आहे त्याच्या ते लगेच लक्षात येईल. ज्याला माहीत नाही तो ‘लुना अजून शून्याजवळच आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. म्हणून आधी सर्च टूलने आयडी काढायला लावायचा, पूर्ण नाव आणि आयडी दोन्ही उत्तरात छापायला लावायचे, आणि ते डोळ्यांनी पाहिल्यावरच भाव मागायचा.

बंद पडलेल्या नाण्यांचं दुखणं वेगळं आहे. यादी मागितली की मुळात चालू नाणीच येतात. बंद नाण्यांची यादी पैसे भरलेल्या की-वर वेगळी मागावी लागते. त्यामुळे ‘वरच्या शंभर नाण्यांनी गेल्या चार वर्षांत सरासरी किती परतावा दिला’ हा प्रश्न एजंट आजच्या शंभर नाण्यांवर सोडवतो. जी बुडाली ती हिशेबातच नसतात आणि सरासरी फुगते. असला प्रश्न या टूलला विचारूच नये.

नव्वद आणि एक्याण्णव

या टूलमधली सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबू.

मार्केट चार्ट या टूलला किती दिवस हवेत ते सांगायचं असतं. नोंदी किती दाट येणार हे टूल स्वतः ठरवतं. आत्तापासून मागे १ दिवस मागितला तर दर पाच मिनिटांची नोंद, २ ते ९० दिवस मागितले तर तासाची, आणि ९० च्या पुढे रोजची एक, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ००:०० वाजताची. म्हणजे ९० दिवस मागितले तर सुमारे २,१६० नोंदी, आणि ९१ मागितले तर नव्वदच्या आसपास! एका दिवसाच्या फरकाने डेटा चोवीसपट विरळ होतो, आणि उत्तरात कुठेही ‘ही रोजची नोंद आहे’ असं लिहिलेलं नसतं. फक्त टाइमस्टॅम्पमधलं, म्हणजे नोंदींच्या वेळांमधलं, अंतर बदललेलं असतं.

चढउताराचं मोजमाप, म्हणजे व्होलॅटिलिटी, काढणाऱ्यांनी इथे फार जपावं. एजंटने तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची व्होलॅटिलिटी शेजारी मांडली, तर पहिली तासांच्या बदलांवरून आणि दुसरी दिवसांच्या बदलांवरून काढलेली असू शकते. वार्षिक करताना दोन्हींना एकच गुणक लावला की तुलना वाया गेली. दोन्हीकडे इंटरव्हल ‘डेली’ असं स्पष्ट द्या, म्हणजे रेंज कितीही असली तरी रोजचीच नोंद येते. तसं केलं तरी शेवटची ओळ चालू क्षणाची असते, मध्यरात्रीची नाही. सरासरी किंवा परतावा काढताना ती काढून टाका.

रेंज देऊन मागायचं टूल वेगळं आहे, त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन टाइमस्टॅम्प द्यायचे. जुन्या एखाद्या दिवसाची चोवीस तासांची रेंज दिली तर तासाच्या नोंदी येतात, पाच मिनिटांच्या नाहीत. पाच मिनिटांची दाटी फक्त चालू दिवसाला. शिवाय टाइमस्टॅम्प देताना (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या) सेकंदांत द्यायचा असतो आणि उत्तरात तो मिलिसेकंदांत येतो. १ जानेवारी २०२४ ची यूटीसी मध्यरात्र पाठवताना १७०४०६७२०० आणि परत येताना १७०४०६७२०००००. एजंटने पहिल्या उत्तरातला टाइमस्टॅम्प जसाच्या तसा दुसऱ्या विनंतीत घातला तर तो पन्नास हजारांच्या पुढच्या कुठल्यातरी इसवी सनात जातो आणि उत्तर रिकामं येतं. रिकामी रेंज दिसली की आधी शून्यं मोजा.

विरळ नोंदींनी काय निसटतं ते पाहायचं तर ११ मार्च २०२३ चा यूएसडीसी काढा. सिलिकॉन व्हॅली बँकेत यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर अडकल्याचं जाहीर झालं आणि एका डॉलरला बांधलेलं हे नाणं त्या दिवशी ०.८८ डॉलरच्या आसपास उतरलं. हिस्टरी टूलला ‘११-०३-२०२३’ विचारलं तर ते त्या दिवसाच्या सुरुवातीचा, यूटीसी ००:०० चा भाव देतं, बातमी त्यानंतरची. १२ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत भाव तळापासून बराच वर आलेला. रोजच्या नोंदींवर चालणारा एजंट ‘त्या आठवड्यात यूएसडीसी थोडं हललं’ असं म्हणेल. रेंजच्या टूलला १६७८४९२८०० ते १६७८५७९२०० हे सेकंद दिले की तासाच्या नोंदींत खड्डा दिसतो. पैसे भरलेली की असेल तर नवं मॉडेल किंवा नवा एजंट कामाला लावण्यापूर्वी ही चाचणी जरूर घ्या. त्याने आपणहून रेंजचं टूल निवडलं तर तो निम्मी परीक्षा तिथेच पास झाला.

तारखेच्या मांडणीकडेही लक्ष असू द्या. हिस्टरी टूलची मूळ रीत दिवस-महिना-वर्ष अशी आहे. ‘०४-०५-२०२३’ म्हणजे ४ मे. महिना आधी लिहायची सवय असलेलं मॉडेल ५ एप्रिल मनात धरून हेच लिहितं आणि एरर येत नाही, कारण तारीख वैध असते. आणि काल संपलेल्या दिवसाची नोंद यूटीसी ००:३५ नंतरच तयार असते. मध्यरात्रीच्या ठोक्याला ऑटोमेशन चालवणाऱ्यांनी वेळ तासभर पुढे ढकलावी.

कँडल आणि उलाढाल

कँडलसाठी, म्हणजे ठरावीक काळातला सुरुवातीचा, वरचा, खालचा आणि बंद भाव एकत्र दाखवणाऱ्या नोंदीसाठी, वेगळं टूल आहे. त्यात दिवस ठरावीकच देता येतात: १, ७, १४, ३०, ९०, १८०, ३६५. १ ते २ दिवसांना अर्ध्या तासाची कँडल, ३ ते ३० दिवसांना चार तासांची आणि ३१ च्या पुढे चार दिवसांची. म्हणजे ‘वर्षभराच्या रोजच्या कँडल’ मागितल्या की नव्वदेक कँडल येतात आणि प्रत्येकीत चार दिवस असतात. रोजच्या कँडल हव्या असतील तर पैसे भरलेली की लागते. प्रत्येक कँडलवरचा टाइमस्टॅम्प ती बंद झाल्याच्या वेळेचा आहे. बायनान्स या एक्स्चेंजच्या कँडलवर मात्र सुरुवातीची वेळ असते. दोन्हीकडचा डेटा एकत्र जोडायचा झाला तर एक बाजू कँडलभर सरकवावी लागते, नाहीतर ओळी एकमेकींशी जुळलेल्या दिसतात आणि प्रत्यक्षात वेगळ्या काळाच्या असतात.

रणनीती तपासायला हे टूल नको म्हणण्याचं मुख्य कारण मात्र भाव कसा बनतो यात आहे. कॉइनगेकोचा भाव म्हणजे अनेक एक्स्चेंजवरच्या भावांची, उलाढालीचं वजन देऊन काढलेली सरासरी. त्या भावाला कुठेही सौदा झालेला असेलच असं नाही. कँडलचा वरचा आणि खालचा टोकाचा भावही याच सरासरीचा, त्यामुळे एखाद्या एक्स्चेंजवर क्षणभर गेलेली लांब वात, म्हणजे भावाची क्षणिक उडी, त्यात बोथट होते. तुमचा स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विकायची सूचना) त्या वातीने उडाला असता की नाही, हे या डेटावरून कळणार नाही. त्या कामाला ज्या एक्स्चेंजवर सौदे करायचे तिच्याच कँडल घ्या. बायनान्स एका विनंतीत १,००० पर्यंत कँडल देतं. कॉइनबेस ३०० देतं, आणि त्याचा क्रम वेळ, नीचांक, उच्चांक, सुरुवातीचा भाव, बंद भाव, उलाढाल असा उलटसुलट आहे. एजंटने सवयीने दुसरा रकाना सुरुवातीचा भाव धरला तर सगळी गणितं फसतात.

उलाढालीचे आकडे तर एजंट सहज चुकवतो. मार्केट चार्टच्या उत्तरात टोटल व्हॉल्यूम्स ही मालिका असते. तिच्यातली प्रत्येक नोंद त्या क्षणापर्यंतच्या मागच्या २४ तासांची उलाढाल दाखवते. तासाच्या २४ नोंदींची बेरीज केली तर दिवसाची उलाढाल सुमारे चोवीसपट फुगून येते. बेरीज करायचीच नाही, दिवसाची एकच नोंद घ्यायची. मार्केट कॅपच्या (भाव गुणिले चलनातली नाणी) मालिकेत शून्यं आढळली तर त्याचा अर्थ चलनातला पुरवठा पडताळलेला नाही; ती सरासरीत धरू नयेत.

टोकनचा खर्च

तासाच्या नोंदींचे ९० दिवस म्हणजे भाव, मार्केट कॅप, उलाढाल या तिन्ही मालिका धरून साडेसहा हजारांच्या आसपास जोड्या. प्रत्येक जोडीत तेरा आकडी टाइमस्टॅम्प आणि दशांशचिन्हापुढे लांबलचक शेपूट. एका उत्तरात लाखभर टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) सहज जातात, संवादाची जागा भरते आणि एजंट सुरुवातीच्या सूचना विसरायला लागतो. प्रिसिजन हे पॅरामीटर देऊन दशांश स्थळं २ वर आणा; अगदी स्वस्त नाण्यांना मात्र ८ ठेवा, नाहीतर भाव शून्य दिसेल. टूलला जेक्यू-फिल्टर (उत्तरातला हवा तेवढाच भाग गाळून घ्यायची सोय) असेल तर त्यातून फक्त भावांची मालिका मागवा. आणि सरासरी, टक्केवारी, सर्वोच्च आकडा यांची गणितं मॉडेलला मनातल्या मनात करू देऊ नका. एजंटला कोड चालवता येत असेल तर डेटा फाइलमध्ये उतरवून कोडनेच हिशेब करायला लावा.

विनंत्यांची उधळपट्टीही याच ठिकाणी होते. ५० नाण्यांचे वर्षभराचे रोजचे भाव मार्केट चार्टने काढले तर ५० विनंत्या लागतात. एजंटने प्रत्येक तारखेला हिस्टरी टूल बोलवायचं ठरवलं तर ५० गुणिले ३६५, म्हणजे १८,२५० विनंत्या, आणि महिन्याचा कोटा अर्ध्या वाटेतच संपतो. ४२९ आल्यावर लगेच पुन्हा विचारणं तर आगीत तेल. अयशस्वी विनंत्याही मिनिटाच्या मर्यादेत मोजल्या जातात. किमान मिनिटभर थांबणं सूचनेत लिहूनच ठेवा.

सर्वोच्च भाव हवा असेल तर मालिका काढायची गरजच नाही. नाण्याच्या माहितीच्या टूलमध्ये आजवरचा उच्चांक आणि त्याची तारीख वेगळी असते, आणि ती डेमो की-वरही मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनने ६९ हजार डॉलर ओलांडले, पण त्या महिन्याच्या रोजच्या मध्यरात्रीच्या नोंदींत ६८ हजारही दिसत नाहीत.

एजंटला द्यायच्या सूचना

सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच द्यायच्या कायमच्या सूचनांत) एवढं लिहिलं तर वरच्या बऱ्याचशा चुका टळतात:

‘भाव मागण्याआधी सर्च टूलने आयडी काढ आणि पूर्ण नावासह दाखव. प्रत्येक भावासोबत टूलने दिलेला टाइमस्टॅम्प यूटीसी तारीख-वेळ करून लिही. टूलने न दिलेला भाव लिहू नकोस. उत्तरात भाव नसेल तर “नोंद नाही” असं लिही. मालिका मिळाली की पहिली नोंद, शेवटची नोंद, एकूण नोंदी आणि दोन नोंदींतलं अंतर आधी सांग. मागितलेली रेंज आणि मिळालेली रेंज वेगळी असेल तर हिशेब करण्यापूर्वी थांब. ४२९ आला तर साठ सेकंद थांबून एकदाच प्रयत्न कर. बाकी कोणताही एरर-कोड जसाच्या तसा दाखव.’

यातली पाचवी, म्हणजे मालिकेबद्दलची, सूचना सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. नोंदींची संख्या आणि अंतर डोळ्यांसमोर आलं की ९० आणि ९१ चा घोटाळा, चार दिवसांची कँडल, कापलेली रेंज, हे तिन्ही एका ओळीत पकडता येतात.

टूलांची नावं पॅकेजच्या आवृत्तीबरोबर बदलतात, म्हणून सूचनांमध्ये टूलचं नेमकं नाव लिहू नका, काम लिहा. आणि नेहमीच्या कामासाठी पॅकेजची आवृत्ती गोठवून ठेवा. एनपीएक्सला आवृत्ती सांगितली नाही तर अपडेटनंतर कालपर्यंत चाललेलं ऑटोमेशन आज वेगळ्या टूलांपुढे उभं राहू शकतं.